बागेत येणाऱ्या होल्यांशी दोस्ती कशी करायची, पहिल्या दिवसापासून सगळं सांगते

सकाळी सात-दहाला मी मागचं दार उघडते, स्टीलच्या डब्यावर बोटानं तीनदा टकटक करते, आणि शेवग्यावरून दोन होले, म्हणजे कबुतराच्याच घरातले छोटे पक्षी, फर्रर्र करत खाली उतरतात आणि माझ्या पाटापासून दोन फुटांवर दाणे टिपायला लागतात. तीन वर्षं झाली याला. घरी आलेले पाहुणे बघतात आणि पहिला प्रश्न हाच असतो की पाळलेत का, आणि दुसरा की आमच्याकडे येतात पण जरा हललो की उडून जातात, तुमच्याकडे कसे थांबतात. तर पाळलेले नाहीत, जंगली आहेत, वाटेल तेव्हा येतात वाटेल तेव्हा जातात. आणि थांबतात कसे ते सगळं इथे लिहितेय. आम्ही साताऱ्याला राहतो, घरामागं साधारण तीस बाय वीसची परसबाग आहे, पेरू, शेवगा, सीताफळ, जास्वंदीची दाट जाळी आणि मधे शाहाबादी फरशी. पण टेरेसवर पाच-सात कुंड्या असतील तरी यातलं बरंचसं जमतं.

आधी कोण येतंय ते बघा

ही पायरी कोणी करत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. आपण सरसकट "कबुतर" म्हणतो, पण बागेत येणारं प्रत्येक कबुतर वेगळं असतं. पारवा म्हणजे बिल्डिंगच्या छज्जावर राहणारा, राखाडी, पंखावर दोन काळे पट्टे, मानेवर हिरवी-जांभळी चमक, आणि तो एकटा कधी येत नाही, थव्यानं येतो. होला त्याच्यापेक्षा लहान, सडपातळ, लांब शेपटीचा आणि बहुतेक वेळा जोडीनं दिसतो.

होल्यांतही प्रकार आहेत. ठिपकेवाला होला ओळखायला एकदम सोपा, मानेच्या मागं काळ्या पट्ट्यावर पांढरे बारीक ठिपके, अगदी खडीची चंद्रकळा पांघरल्यासारखे. माझ्या सासूबाई कोकणातल्या, त्या याला कवडा म्हणतात. तपकिरी होला अजून छोटा, त्याला मागं काही नसतं पण गळ्याखाली तांबूस रंगावर काळी नक्षी असते आणि आवाज असा की कोणीतरी तोंडातल्या तोंडात हसतंय, कु-रु-रु-रु-रू. कंठवाला होला जरा मोठा, फिकट राखाडी, मानेमागं बारीक काळी कंठी, आणि तो तीन सुरात कु-कूऽऽ-कु करत बसतो. आपला राज्यपक्षी हरियाल हाही कबुतराच्याच घरातला बरं का, पण तो वड, पिंपळ, उंबराची फळं खाणारा, तुम्ही खाली कितीही ज्वारी टाका तो उतरणार नाही, त्याच्यासाठी झाड लावावं लागतं.

आता हे एवढं का सांगितलं, तर मी खाली लिहितेय ते होल्यांसाठी आहे, पारव्यांसाठी नाही. पारव्यांना दाणे टाकू नका असंच माझं स्पष्ट मत आहे. शहरात त्यांची संख्या आपल्या दाण्यांमुळेच वाढलीय, आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की काही जणांना फुप्फुसाचा कायमचा आजार होतो, डॉक्टर त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. २०२५ मध्ये मुंबईत कबुतरखाने बंद करायला घेतले, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला, त्यावरून केवढं रणकंदन झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. भावना मी समजू शकते, पण ज्याच्या घरात दम्याचं माणूस आहे त्याची बाजूही तेवढीच खरी आहे. त्यामुळे तुमच्याकडे फक्त पारवेच येत असतील तर पाणी ठेवा, बघत बसा, दाणे नकोत. आणि दाणे टाकायला तुमच्या शहरात बंदी किंवा दंड आहे का हे आधी विचारून घ्या.

पाणी आधी, दाणे नंतर

सगळे दाण्यापासून सुरुवात करतात. मी म्हणेन पहिले पंधरा दिवस फक्त पाणी ठेवा. होला कोरडं धान्य खाणारा पक्षी, त्यामुळे त्याला रोज पाणी लागतंच, आणि मार्च ते जूनमध्ये तर तो पाण्यासाठी लांबून येतो.

भांडं मातीचं घ्या, पसरट, कुंडीखाली ठेवतात तसली मोठी बशी किंवा माठाचं जुनं झाकण. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. चिमणी किंवा साळुंकी चोचीत थेंब घेते आणि मान वर करून गिळते. होला तसं करत नाही, तो चोच पाण्यात बुडवतो आणि आपण स्ट्रॉनं पितो तसं एका दमात ओढून घेतो, मान वर न करता. एकदा जवळून बघा, गळा कसा लपलप हलतो ते. त्यामुळे अगदी उथळ पाणी असेल तर त्याला नीट पिता येत नाही. इंचभर खोली पाहिजे, दीड इंच चालेल, त्याहून जास्त नको कारण मग छोटे पक्षी बुडायची भीती. मी मधे एक चपटा दगड ठेवते, त्यावर चिमण्या, बुलबुल उभे राहतात.

पाणी रोज बदलायचं, रोज म्हणजे रोज, आणि काथ्यानं किंवा ब्रशनं घासायचं. साबण नको. दोन-तीन दिवस तेच पाणी राहिलं तर शेवाळ येतं, आठवडाभर राहिलं तर डासांच्या अळ्या, आणि मग घरचेच म्हणतात हे पक्ष्यांचं बंद कर.

जागा कुठे? जमिनीवर किंवा एखाद-दोन विटांवर, कारण होला जमिनीवर चरणारा आहे, त्याला लटकवलेल्या फीडरचं कौतुक नाही. बाजारात मिळणारे नळीचे फीडर त्याच्या अंगाला लहानच पडतात, त्यावर बसताना तो नुसता धडपडतो. जागा अशी की चारी बाजूंनी सात-आठ फूट मोकळं दिसलं पाहिजे, पण उडून बसायला झाड फार लांब नको. मांजर दबा धरून बसेल अशी झुडपं अगदी लागून असू नयेत. मी पहिल्या वर्षी बशी जास्वंदीच्या बुडाशी ठेवली होती, सावली आहे म्हणून, आणि शेजारच्या बोक्यानं एका होल्याच्या शेपटीचा अख्खा गुच्छ उपटला. मी धावत गेले, पिसं पडलेली, मला वाटलं संपलं सगळं. पण होल्याची शेपटीची पिसं घाबरला की सहज सुटून येतात, पालीची शेपटी तुटते त्यातलाच प्रकार, बोक्याच्या तोंडात पिसं राहिली आणि पक्षी उडाला. चार दिवसांनी तोच परत आला, बिनशेपटीचा, अगदी लाव्ह्यासारखा गोल दिसत होता. महिन्याभरात शेपटी आली, पण तोवर त्या पक्ष्याचं नाव तुटकी पडलं ते पडलंच. बशी त्याच दिवशी फरशीच्या मधोमध आणली.

काचेची मोठी खिडकी जवळ असेल तर तिला बाहेरून स्टिकर, पट्ट्या, जाळी काहीतरी लावा. होल्यांच्या अंगावर बारीक पांढरी पावडर असते, काचेवर आपटले की पंखांचा ठसा उठतो, मला तो ठसा बघायला अजिबात आवडत नाही.

दाणे कोणते, किती

ज्वारी, बाजरी, नाचणी, राळा, तांदळाच्या कण्या. बस. मी तीन भाग बाजरी आणि एक भाग ज्वारी मिसळून डब्यात भरून ठेवते. होला दाणा फोडत नाही, अख्खा गिळतो आणि पोटात खडीनं दळतो, त्यामुळे थोडी जाड रेती किंवा बारीक कच बाजूला टाकून ठेवलीत तर तीही उचलतो. पाव, बिस्कीट, फरसाण, खारे शेंगदाणे, फोडणीचा भात यातलं काहीही नको. किड लागलेलं धान्य एक वेळ चालेल पण बुरशी लागलेलं चुकूनसुद्धा टाकू नका.

प्रमाण म्हणजे दोन होल्यांना एक छोटी मूठ. जास्तीत जास्त वीस मिनिटांत संपलं पाहिजे, उरलं तर झाडून घ्यायचं. मी हे सुरुवातीला ऐकलं नाही, मला वाटायचं खाऊ देत बिचारे, पावशेर-पावशेर बाजरी पसरायचे. दीड महिन्यात तीस-पस्तीस पारवे यायला लागले, होले बाजूच्या भिंतीवर बसून नुसते बघायचे, वर रात्री उंदीर. मग बारा दिवस एकही दाणा टाकला नाही, फक्त पाणी. पारवे पांगले. होले मात्र रोज येऊन पाणी पिऊन जात होते. तेराव्या दिवसापासून अर्धी मूठ, आणि तीही मी स्वतः बसलेली असतानाच. मी तिथे बसलेली असले की पारव्यांचा थवा सहसा उतरत नाही, ओळखीचे होले उतरतात. तेव्हापासून हाच नियम ठेवलाय, मी नाही तर दाणे नाहीत.

वेळ ठरवून घ्या. सकाळी उजाडल्यावर तासाभरात किंवा संध्याकाळी पाचच्या आसपास. माझी सात-दहा आहे कारण तेव्हा पोरांचे डबे झालेले असतात. कोणतीही चालेल पण रोज तीच.

आता बसायचं

इथून पुढचं काम संयमाचं आहे आणि इथेच बरेच जण सोडून देतात.

पाण्याचे पंधरा दिवस झाले की पहिला आठवडा दाणे टाकायचे, डब्यावर टकटक करायची, आणि आत जाऊन खिडकीतून बघायचं. त्यांच्या डोक्यात टकटक आणि दाणे यांची जोडी बसू दे. दुसऱ्या आठवड्यात दारात पाट टाकून बसायचं. खाली बसायचं हां, उभं नाही, उभ्या माणसाची त्यांना जास्त भीती वाटते. आणि काहीतरी साधं काम हातात घ्या, मी लसूण सोलते किंवा मेथी निवडते. पुस्तक पण चालतं. मोबाईल वर धरून फोटो काढू नका, निदान पहिले दोन महिने तरी, तो गोल काळा कॅमेरा त्यांच्यावर रोखला की हमखास उडतात. त्यांच्याकडे एकटक बघायचं पण नाही. मांजर झडप घालायच्या आधी असंच बघतं ना. नजर जमिनीवर, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघा. त्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे तो मान तिरकी करून एका डोळ्यानं तुम्हाला न्याहाळत असतो, त्याला न्याहाळू द्या.

आमच्याकडे दारापासून बशीपर्यंत सहा फरशा आहेत, दोन-दोन फुटांच्या. मी दर आठ-दहा दिवसांनी पाट एक फरशी पुढे घेतला. इतकंच. एखाद्या दिवशी पुढे गेल्यावर ते उतरलेच नाहीत तर दुसऱ्या दिवशी एक फरशी मागं. भीती कशी ओळखायची तर होला घाबरायला लागला की मान उंच करतो, पिसं अंगाला घट्ट चिकटवून एकदम बारीक होतो, खाणं थांबवून पुतळ्यासारखा उभा राहतो. अशा वेळी तुम्हीही हलू नका, खोकला आला तरी दाबून धरा. आणि निवांत असला की पिसं सैल, गोल गोल दिसतो, चोचीनं पंख साफ करायला लागतो. सगळ्यात भारी म्हणजे ऊन खाणं. एका कुशीवर कलंडून एक पंख उभा पसरून तसाच पडून राहतो, बघणाऱ्याला वाटतं काही झालंय की काय याला. माझ्यापासून चार फुटांवर तुटकी पहिल्यांदा अशी पडली तेव्हा मी लसणाची पाकळी हातात तशीच धरून दहा मिनिटं बसले होते.

कपडे तेच पाहिजेत का असं एकीनं विचारलं. नाही. पॅरिसच्या एका बागेत पारव्यांवर अभ्यास झाला होता, २०११ मध्ये त्याची बरीच चर्चा झाली. दोन साधारण सारख्या बांध्याच्या संशोधक, एकीनं पक्ष्यांना हाकलायचं आणि दुसरीनं दुर्लक्ष करायचं, नंतर त्यांनी कोट अदलाबदल केले तरी पारवे हाकलणारीलाच टाळत राहिले, म्हणजे ते कोट बघत नव्हते. होल्यांचा माझा अनुभव तोच आहे. माझी जाऊ माझाच गाऊन घालून, माझाच डबा वाजवत बसली होती, एकही उतरला नाही. म्हणून सुरुवातीला एकाच माणसानं बसावं. आणि पोरांना हे समजावून सांगा की एकदा कोणी धावत जाऊन उडवलं तर महिन्याची मेहनत जाते, ते चेहरा विसरत नाहीत.

मला दोन फुटांवर यायला चार महिने लागले, पावसाळ्याचे सोडून.

हातावर घ्यायचं का? मी घेत नाही आणि घेऊ नका असंच सांगेन. एकदा तपकिरी होला आपणहून माझ्या चपलेवर चढला, अंगठ्याजवळचा दाणा उचलला आणि उतरला, त्याचं वजन जाणवलंसुद्धा नाही. मी तिथेच थांबले. हातावर खायला शिकलेला होला उद्या कुणाच्याही हाताशी जाईल, आणि सगळे हात बरे नसतात. पकडून पिंजऱ्यात ठेवणं तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हाच आहे.

घरटं केलं तर

ओळख झाली की हे होणारच. होल्याचं घरटं म्हणजे दहा-वीस काड्या, खालून बघितलं तर अंडी दिसतील इतकं विरळ, आणि जागा कुठलीही, लटकती कुंडी, एसीचा बाहेरचा डबा, मीटरची पेटी. आमच्याकडे मनीप्लांटच्या कुंडीत केलं. दोन पांढरी अंडी, साधारण दोन आठवडे उबवतात, दोघं पाळीपाळीनं. पिल्लं पण दोन आठवड्यांच्या आसपास उडतात. पहिले काही दिवस आई-बाप दोघंही गळ्याच्या पिशवीत तयार होणारं दह्यासारखं दूध पिल्लांना भरवतात, हो, बापसुद्धा.

या काळात कुंडी हलवायची नाही, फोटोसाठी फांद्या बाजूला करायच्या नाहीत, कावळा तेवढंच बघत असतो. त्या कुंडीला पाणी घालायचं झालं तर कडेकडेनं, थोडं. मी महिनाभर घातलंच नाही, मनीप्लांट मेला नाही.

पिल्लू खाली पडलं तर उचलून परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खरं नाही. घरटंच कोसळलं असेल तर छोट्या बांबूच्या टोपलीत काड्या, वाळलेलं गवत घालून त्याच जागी बांधा आणि लांब व्हा. त्याच्या तोंडात ड्रॉपरनं पाणी किंवा दूध घालू नका, श्वासनलिकेत जातं आणि मरतं. जखमी असेल तर पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून, आत सुती कापड घालून अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ नंबरला फोन करा.

काळजीच्या गोष्टी

एखादा होला पिसं फुगवून बसलाय, चोचीतून लाळ, दाणा उचलतो पण गिळता येत नाही, असं दिसलं तर तो कबुतरांना होणारा घशाचा आजार असू शकतो आणि तो एकाच बशीतून पाणी प्यायल्यानं पसरतो. त्या दिवसापासून दाणा-पाणी दोन्ही किमान दोन आठवडे बंद, बशी घासून कडक उन्हात वाळत घाला. जिवावर येतं पण करा.

पायाकडे बघत जा. कंगव्यातले केस, शिवणकामाचे दोरे, मांजा हे बोटांना गुंडाळत जातात आणि बोट काळं पडून गळून जातं. मी केस आता कागदात बांधून कचऱ्यात टाकते. संक्रांतीनंतर आठवडाभर सगळी झाडं फिरून मांजा काढायचा, काठीला हूक लावून.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर दाणे जवळपास बंदच, ओल्या फरशीवर फुगतात आणि मग बुरशी धरतात, शिवाय तेव्हा बाहेर गवताचं बी भरपूर असतं. उघडीप असेल त्या दिवशी चिमूटभर.

विष्ठा साफ करताना कोरडी झाडायची नाही, आधी पाणी मारून भिजवायची, तोंडाला मास्क, मग हात साबणानं धुवायचे. घरात दमा किंवा छातीचा त्रास असलेलं कुणी असेल तर हे सगळं खिडकीपासून लांब करा, आणि डॉक्टर नको म्हणाले तर नुसतं झाड लावा.

राहता राहिलं गावाला जाणं. मला पहिल्यांदा फार घोर लागला होता, शेजारच्या काकूंना डबा देऊ का, ऑटोमॅटिक फीडर आणू का. काही करायची गरज नाही. आपली मूठ म्हणजे त्यांचा चहा-बिस्कीट, जेवण ते बाहेरच करतात. यंदा मे महिन्यात आम्ही नऊ दिवस कोकणात होतो, काकूंना फक्त बशीत पाणी घालायला सांगितलं होतं. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सात-दहाला डबा वाजवला, कोणी नाही. पाट टाकून बसले, लसूण सोलायला घेतला. पंधरा-वीस मिनिटांनी शेवग्यावर हालचाल झाली, आधी तुटकी उतरली, तिसऱ्या फरशीवर, मान उंच करून एका डोळ्यानं बघत. मग दोन फरशा पुढे आली. तिच्यामागं तिचा जोडीदार, आणि त्याच्यामागं एक नवीन, मानेवर ठिपके अजून न उमटलेलं यंदाचं पिल्लू. ते सहाव्या फरशीवरच थांबलंय अजून, त्याच्यासाठी मी पाट परत दारात नेलाय.